दह्यातला आंबटपणा आणि बाजारातली पिशवी

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या बचतगटांच्या आम्ही बायका आज तुमच्याशी बोलायला बसलो आहोत. हातातलं काम थांबवू नका. तांदूळ निवडत असाल तर निवडा, पाटा धुवायचा असेल तर धुवा. कान तेवढे इकडे द्या.

आज बोलायचंय कुजणाऱ्या प्लॅस्टिकबद्दल. म्हणजे मका, ऊस, तांदूळ अशा शेतात उगवणाऱ्या गोष्टींपासून केलेलं आणि वापरून झाल्यावर मातीत मिसळणारं असं जे सांगतात ना, ते. "असलं काही असतं का?" असं आमच्यातल्या एका आजीनं विचारलं, तेव्हा आमच्याच गटातली आशाताई हसून म्हणाली, "आजी, असतं. तुमच्या सुनेच्या अंगात होतं."

तिचं खरं होतं. आपल्यातल्या ज्यांना बाळंतपणात टाके पडले, त्यांना दवाखान्यात काय सांगितलं होतं आठवा. टाके काढायला यायची गरज नाही, आपोआप विरघळतील. तो दोरा कापसाचा नसतो. पूर्वी असा दोरा मेंढीच्या आतड्यापासून करत. १९७० च्या सुमारास माणसानं बनवलेले विरघळणारे दोरे आले. आज जो दोरा खूप वापरतात तो दोन आम्लं एकमेकांना जोडून तयार होतो. त्यातलं एक आम्ल दह्यात असतं, दुसरं उसाच्या रसात थोडंसं असतं. अंगात ऊब आहे, ओल आहे. त्या ऊबेत आणि ओलीत दोरा हळूहळू तुटत जातो आणि दोन-अडीच महिन्यांत संपतो. जखम भरेपर्यंत टिकला आणि काम झाल्यावर गेला.

ऊब आणि ओल हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे आमचे तेरा हजार रुपये यातच गेले आहेत.

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, माळ ओवता येते तिला हे कळतं. प्लॅस्टिक म्हणजे मण्यांची लांबच लांब माळ. एकसारखे बारीक मणी, हजारोंनी एकापुढे एक जोडलेले. अशा माळेला पॉलिमर म्हणतात; पोरांच्या शाळेच्या पुस्तकात बहुवारिक असा शब्द येतो. पण माळा ओवायला कारखानाच लागतो असं नाही. तांदळातला स्टार्च ही माळच आहे, साखरेच्या मण्यांची. पेंढा, लाकूड, कापूस, पळसाचं पान यांच्यात सेल्युलोज असतं, तीही साखरेच्याच मण्यांची माळ, फक्त ओवायची तऱ्हा वेगळी. म्हणून भात आपल्याला पचतो आणि पेंढा पचत नाही. गाईला पेंढा पचतो, कारण तिच्या पोटात राहणाऱ्या जिवाणूंकडे ती माळ कापायची कात्री असते.

मातीतल्या बुरशीकडे, वाळवीच्या पोटातही तशीच कात्री असते. पान पडलं की ती कामाला लागते. पॉलिथिनची पिशवी हीसुद्धा माळच, पण तिचे मणी खनिज तेलातून नाहीतर जमिनीखालच्या वायूतून येतात. ही माळ माणसानं पहिल्यांदा ओवली ती १९३३ साली, इंग्लंडमध्ये. म्हणजे तिला अजून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. झाडाचं पान कोट्यवधी वर्षं मातीत पडतंय, त्याची कात्री तयार झाली. पॉलिथिन कापेल अशी कात्री आपल्या उकिरड्यात नाही. गाईच्या पोटातही नाही. आमच्या पाड्यावर दोन वर्षांपूर्वी एक गाभण गाय फुगून मेली. डॉक्टरांनी पोट उघडून दाखवलं, तेव्हा आत पिशव्यांचा घट्ट गोळा होता, त्यात एका पिशवीवर दुकानाचं नावही वाचता येत होतं.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? ज्या माळेचा धागा ओल आणि ऊब लागली की सुटेल, अशी माळ ओवायची ठरवलं. दह्याकडे बघा. दुधात विरजण घातलं की जिवाणू दुधातली साखर खातात आणि आंबट आम्ल सोडतात. त्याला लॅक्टिक आम्ल म्हणतात. आंबलेल्या दुधातून ते पहिल्यांदा वेगळं काढलं स्वीडनच्या शेले या शास्त्रज्ञानं, १७८० साली. कारखान्यात दूध घेत नाहीत. उसाची साखर किंवा मक्याचा स्टार्च घेतात, मोठ्या टाक्यांत जिवाणूंना खाऊ घालतात, आम्ल गोळा करून शुद्ध करतात आणि त्याचे मणी एकमेकांना जोडतात. जी माळ तयार होते तिचं नाव पॉलिलॅक्टिक आम्ल, थोडक्यात पीएलए. पांढरे दाणे असतात, साबुदाण्यापेक्षा थोडे मोठे. ते वितळवून पेला, चमचा, पिशवी करता येते.

हे आता फक्त परदेशातलं राहिलेलं नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत उसाच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू आणि त्यापासून पॉलिमर यांवर बरीच वर्षं काम झालं आहे. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आपल्या खंडोबाच्या जेजुरीत प्राज इंडस्ट्रीज या पुण्याच्या कंपनीनं असं प्लॅस्टिक करून दाखवणारा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. ऐकून आम्हाला बरं वाटलं. ऊस पिकवणारा शेतकरी आहे, साखर कारखाने आहेत, मग पिशवी तेलातून कशाला?

तरी एक गोष्ट मनात येतेच. उसाला पाणी किती लागतं ते कुणी आम्हाला सांगायला नको. भातसा, तानसा ही धरणं आमच्या शहापुरात, पाणी मुंबईला, आणि चैत्र-वैशाखात हंडे घेऊन टँकरच्या रांगेत आम्ही. तेव्हा "शेतातून आलं" म्हणजे फुकट आलं असं आम्हाला वाटत नाही. असो. हा विषय मोठा आहे, त्यावर पुन्हा कधी बोलू.

आता आमच्या तेरा हजारांकडे येतो.

महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली २०१८ साली. मार्चमध्ये अधिसूचना निघाली आणि जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मग १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशातच एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे, स्ट्रॉ अशा वस्तूंवर बंदी आली. बाजारात सगळेच पिशवी कसली द्यायची म्हणून डोकं खाजवायला लागले. अशा वेळी आमच्या एका गटाकडे एक व्यापारी आला. हिरव्या रंगाच्या पिशव्या, वर पानाचं चित्र, इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. म्हणाला, मक्यापासून केलेल्या आहेत, सहा महिन्यांत माती होते, सरकारमान्य आहेत. तुम्ही घ्या आणि बाजारातल्या दुकानदारांना विका, किलोमागे एवढे सुटतील.

आम्ही अकरा जणी. बैठक घेतली, ठराव लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, दोघींनी अंगठा लावला. आठ हजारांचा माल घेतला. तिसऱ्याच आठवडी बाजारात तपासणीचं पथक आलं. त्यांनी पिशवी उलटीसुलटी केली आणि विचारलं, "प्रमाणपत्राचा क्रमांक कुठं आहे?" आम्ही पानाचं चित्र दाखवलं. माल गेला आणि वर पाच हजारांची पावती फाटली. व्यापाऱ्याचा फोन त्या दिवसापासून लागत नाही.

पैशांपेक्षा दुसरंच जास्त लागलं. ज्या ताईनं त्या व्यापाऱ्याशी बोलणी केली होती, ती बैठकीला यायची बंद झाली. घरात नवऱ्याची बोलणी, बाहेर बायकांची. विहिरीवरसुद्धा आम्ही नसू अशा वेळेला जायची. दोन महिने आम्हीही गप्प बसलो, हे कबूल करतो. मग एका संध्याकाळी चौघी-पाचजणी तिच्या दारात गेलो आणि ठरावाचं पुस्तक तिच्यापुढे उघडलं. सही तिची एकटीची नव्हती. "चूक केलीस असं म्हणायला नाही आलो, आपल्याला काय माहीत नव्हतं ते शोधायला आलोय," असं म्हटलं, तेव्हा कुठं तिनं चहाला आधण ठेवलं.

मग शोधायला लागलो. तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी फार मदत केली. पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती ऐकून आम्ही चाटच पडलो. म्हणाल्या, कशापासून केलं आणि कुजतं का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

ब्राझीलमध्ये २०१० पासून एक मोठी कंपनी उसापासून पॉलिथिन करते. ऊस खरा, पण माळ तीच, पॉलिथिनची. उसापासून केली म्हणून ती कुजत नाही, तेलातल्या पिशवीसारखीच राहते. उलट कुजणाऱ्या पिशव्यांत पीबीएटी नावाचं एक पॉलिमर पुष्कळदा मिसळतात, कारण नुसतं पीएलए कडक असतं, पिशवीला लवचीकपणा हवा. हे पीबीएटी बहुतेक वेळा तेलापासूनच केलेलं असतं, तरी योग्य जागी कुजतं. म्हणजे "मक्यापासून केलीय" हे त्या व्यापाऱ्याचं बोलणं खरं असतं, तरी त्यानं काही सिद्ध होत नव्हतं.

तिसरी जात सगळ्यांत फसवी. साध्या पॉलिथिनमध्येच एक रसायन घालतात, त्यानं ऊन लागलं की पिशवीचे तुकडे पडतात. डोळ्यांना वाटतं कुजली. पण तुकडे होणं म्हणजे कुजणं नव्हे. माळ तुटून लहान लहान माळा झाल्या, मणी कुणी खाल्ले नाहीत. उलट आधी एक पिशवी उचलता येत होती, आता हजार कपटे मातीत. युरोपच्या देशांनी अशा प्लॅस्टिकवर २०२१ पासून बंदीच घातली.

आणि ती ऊब. पीएलएची माळ सुटायला नुसती माती पुरत नाही, चांगली उष्णता लागते. कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठी आपल्या देशात जे मानक आहे, आयएस १७०८८, त्यात कसोटी अशी की ५८ अंशांच्या आसपासच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांत त्या वस्तूतल्या कार्बनपैकी ९० टक्के कार्बनचा वायू झाला पाहिजे. ५८ अंश म्हणजे हात घातला तर लगेच बाहेर काढावा लागेल इतकं गरम. मोठ्या कंपोस्ट प्रकल्पात ढीग तेवढे तापतात. आपला उकिरडा मध्यभागी काही दिवस तापतो, कडेला कधीच नाही. ओढ्यात, रस्त्याकडेला, खाचरात तर प्रश्नच नाही.

हे सगळं ऐकलं, पण आमच्या बायका ऐकून गप्प बसणाऱ्या नाहीत. एक मावशी म्हणाल्या, "पुरून बघू." आणि आम्ही पुरलं.

कसं केलं ते सांगतो, तुम्हालाही करता येईल. कांद्याच्या जाळीच्या पिशव्या घेतल्या, त्या कुजत नाहीत म्हणून. एकेका जाळीत पाच वस्तू: पळसाची पत्रावळ, जुन्या सुती लुगड्याचा तुकडा, दुधाची पिशवी, त्या व्यापाऱ्याच्या पिशव्यांतली घरी राहिलेली एक, आणि बाईंनी शहरातून आणून दिलेली, प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेली खरी कंपोस्टेबल पिशवी. अशा दोन जाळ्या केल्या. पाऊस लागायच्या आधी, जूनच्या सुरुवातीला शेणखताच्या खड्ड्यात एक जाळी मध्यभागी आणि एक अगदी कडेला पुरली. लाल सुतळी बांधून तिचं टोक बाहेर खुंटीला ठेवलं, नाहीतर सापडायचं नाही. नवरात्राच्या आधी उघडलं.

मधल्या जाळीत पत्रावळ नव्हतीच. टाचायच्या बांबूच्या चोया तेवढ्या उरल्या होत्या. लुगड्याचा काठ हाताला लागला, बाकी चिखल. खऱ्या कंपोस्टेबल पिशवीची जाळी झाली होती, बोट लावलं की तुटत होती. दुधाची पिशवी धुतली तर पुन्हा दूध भरावं अशी. आणि व्यापाऱ्याची पिशवी? रंग तोच, चमक तीच, तीन-चार ठिकाणी चिरलेली.

कडेच्या जाळीत मात्र गंमत. पत्रावळ तिथंही गेली होती. पण खरी कंपोस्टेबल पिशवी जवळजवळ अख्खी होती. ओढली तर फाटत होती, पण होती. म्हणजे प्रमाणपत्रवाली पिशवीसुद्धा नेऊन ओढ्यात टाकली, तर वर्षभर तिथंच दिसेल. पळसाच्या पानाला कुठल्या क्रमांकाची गरज पडली नाही. हे बघून आमच्या आजी जे बोलल्या ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

बाईंनी अजून एक सोपी युक्ती शिकवली. पिशवीचा कपटा बादलीभर पाण्यात बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे बोटानं झटकायचे. पॉलिथिन पाण्यापेक्षा हलकं, ते वर तरंगतं. पीएलए, पीबीएटी जड, ते तळाला जातं. आमच्या हिरव्या पिशवीचा कपटा टुणकन वर आला. पण सांभाळा, काही जण पॉलिथिनमध्ये चुन्यासारखी भुकटी घालतात, मग तेही बुडतं. तेव्हा तरंगला तर समजा फसवणूक. बुडाला तर अजून खात्री नाही, पुढचं बघा.

पुढचं म्हणजे पिशवीवर छापलेलं. कंपोस्टेबल पिशवी करणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. पिशवीवर कंपोस्टेबल हा शब्द, करणाऱ्याचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक हवा. इको-फ्रेंडली, ग्रीन, नैसर्गिक, पानाचं चित्र, याला काही अर्थ नाही. आणि मुख्य म्हणजे, आपल्या राज्यात कुठली कंपोस्टेबल वस्तू कशासाठी चालते याचे नियम २०१८ पासून बदलत आले आहेत. म्हणून घाऊक माल घेण्याआधी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारा, ग्रामसेवकाला विचारा, आणि लेखी घ्या. आम्ही तोंडी घेतलं होतं.

थोडं हलकं बोलू. ज्यांना घरी पोरांना दाखवायचं असेल, त्यांनी हे करून बघा. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोर, चार चमचे पाणी, एक लहान चमचा व्हिनेगर, एक लहान चमचा ग्लिसरीन. औषधाच्या दुकानात ग्लिसरीन मिळतं. मंद आचेवर ढवळत राहायचं. कुरडयांचा चीक शिजताना कसा पांढऱ्याचा काचेसारखा होतो, तसं झालं की उतरवायचं आणि तेल लावलेल्या ताटावर पातळ पसरायचं. दोन दिवसांत सुटून येतो तो वाकणारा, आरपार दिसणारा पापुद्रा. हे स्टार्चचं प्लॅस्टिक. ग्लिसरीन घातलं नाही तर पापडासारखं मोडतं. आणि खरं सांगायचं तर आपण हे पिढ्यानपिढ्या करतोय. साडीला तांदळाची खळ लावतो तेव्हा सुतावर याच स्टार्चचा पापुद्रा चढतो. पहिल्या धुण्यात खळ का जाते? पाण्यात सुटते म्हणून. त्याच कारणानं या पापुद्र्याची पिशवी होत नाही. ओले बोंबील घालून बघा, घरी येईपर्यंत बोंबील हातात आणि पिशवी रस्त्यात. म्हणून कारखान्यात स्टार्चमध्ये पीबीएटीसारखं दुसरं काही मिसळतात.

या सगळ्यानंतर मागच्या उन्हाळ्यात दुसरा एक माणूस आला. यावेळी पिशव्या नाही, पिशव्या करायचं यंत्र. कर्ज मिळवून देतो म्हणाला, सहा लाखांचं. या वेळी आम्ही विचारलं: दाणे कुठून येणार? बाहेरून. त्यांचा भाव कोण ठरवणार? ते. प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? यावर तो म्हणाला, ते नंतर बघू. आमच्या त्याच ताईनं, जी दोन महिने घराबाहेर पडत नव्हती, तिनं त्याला पाणी दिलं आणि एसटीची वेळ सांगितली.

पत्रावळींचं काम मात्र आम्ही वाढवलं आहे. पळस आमच्या माळावर, बांधावर भरपूर. आमच्यातल्या कातकरी आणि ठाकर बायकांचा हात यात बसलेला आहे. कुठलं पान कोवळं, कुठलं फाटेल हे त्या चालता चालता सांगतात. दिवसभर बसलं तर एक बाई शंभर-सव्वाशे पत्रावळी टाचते. हातानं टाचलेलीला लग्नसराईत मागणी असते, पण केटररला हवी असते दाबून केलेली, एकसारखी, रस्सा न गळणारी. त्यासाठी गरम दाबाचं यंत्र लागतं. ते घ्यायचं की नाही यावर आमच्यात अजून दोन तट आहेत. एक भीती अशी की यंत्र आलं की पानाखाली चकचकीत कागद लावायचा मोह होतो. बाजारातले चंदेरी द्रोण बघा, कागदावर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. चहाच्या कागदी कपालाही आतून तोच असतो. तो लावला की आपली पत्रावळ आणि तो द्रोण सारखेच. दुसऱ्या तटाचं म्हणणं, गळणारी पत्रावळ कोण घेईल? दोन पानांचे थर देऊन दाबलं तर गळत नाही असं ऐकलं आहे. एका गटाचं यंत्र बघायला जायचं ठरलं आहे, जाऊन आल्यावर सांगू.

अजून एक सांगायचं राहिलं, राबाचं. भाताची रोपं टाकायच्या आधी आपण जमीन भाजतो. शेण, पातेरा, कवळं पसरून पेटवतो. पूर्वी त्यात पानं असायची. आता पातेऱ्याबरोबर पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, फाटका ताडपत्रीचा तुकडा सगळं गोळा होतं आणि जळतं. तो काळा धूर आपल्याच नाकात जातो, आणि जे वितळून राहतं ते रोपाच्या मुळाशी. राब रचताना पोरांना बसवून प्लॅस्टिक वेचून काढा. कंपोस्टेबल असलं तरी राबात नको.

आणि शेवटी मल्चिंगचा कागद. भात निघालं की भेंडी, काकडी, मिरची लावणाऱ्या पुष्कळ जणी आता वाफ्यावर तो अंथरतात. तण येत नाही, पाणी कमी लागतं, निंदणीची मजुरी वाचते. आम्ही नाव ठेवत नाही, आमच्यातल्या बऱ्याच जणी वापरतात. पण तो इतका पातळ असतो की हंगाम संपल्यावर ओढला की चिंध्या होतात, आणि त्या चिंध्या पुढच्या चिखलणीत पायाला लागतात. मातीतच मिसळून जाणारा मल्चिंग कागद निघाला आहे, स्टार्च, पीएलए, पीबीएटी यांच्या मिश्रणाचा. युरोपात त्यासाठी २०१८ साली वेगळं मानक केलं, कारण शेतातली माती खड्ड्यासारखी तापत नाही. साध्या मातीत, २५ अंशांच्या आसपास, दोन वर्षांत ९० टक्के कुजला पाहिजे अशी कसोटी आहे. म्हणून कुणी असा कागद विकायला आला, तर तो नुसतं कंपोस्टेबल म्हणाला एवढ्यावर घेऊ नका. खड्ड्यात कुजणारा की मातीत कुजणारा, हे विचारा आणि मातीच्या कसोटीचा कागद दाखवायला सांगा.

यंदा आमच्यातल्या एकीनं भेंडीचे चार वाफे असे केले आहेत: दोनांवर नेहमीचा कागद, दोनांवर पेंढा. पेंढ्याच्या वाफ्यात वाळवी दिसली आणि सासूबाई म्हणतात, गुरांच्या तोंडचा घास मातीत घातलास. त्यांचंही खोटं नाही, पेंढा यंदा महाग आहे. तोडे चालू आहेत. कुठल्या वाफ्यातून किती टोपल्या निघाल्या ते ती दाराच्या मागे खडूनं लिहून ठेवते आहे. शेवटचा तोडा झाला की ते आकडे आम्ही इथंच वाचून दाखवू. खड्ड्यातल्या कडेच्या जाळीची लाल सुतळी अजून खुंटीला आहे. ती आम्ही पुन्हा पुरली आहे, पुढच्या नवरात्रापर्यंत.